नानांचं लक्ष

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. आमचे पहिल्या मजल्यावर राहतात. निदान तशी पाटी आहे. एरवी ते जिन्यातच भेटतात. दूध आणायला निघावं तर मीटरबॉक्सची कडी ढिली दिसते. स्क्रूड्रायव्हर आणायला वर जावं तर टेबलावर शब्दकोडं अर्धं. कोडं सुटतं, कडी तशीच राहते आणि दूध काकू आणतात.

नानांना लक्षच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. लक्ष भरपूर आहे. ते बोलावलेल्या ठिकाणी जात नाही, एवढंच. वीजबिल हातात घेतलं की खिडकीतला पोपट दिसतो, आणि पोपट बघत बसले की वीजबिल आठवतं.

उपायांत त्यांनी कसूर केली नाही. त्राटकाला बसले, तर वात तिरकी का जळते या प्रश्नात रात्र गेली. मग फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थांची युक्ती कळली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, ते टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास करत. त्यातून पुढे २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुटी ही पद्धत आली. नानांनी तसलंच घड्याळ आणलं. २५ मिनिटांनी ते वाजलं नाही, कारण तोवर त्याचे सुटे भाग पेपरावर मांडून झाले होते. ती २५ मिनिटं मात्र नाना विलक्षण एकाग्र होते.

शेवटी मुलीने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, एडीएचडी मोठ्यांतही असतो, पण लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून दिसलेली असावी लागतात. शाळेतलं प्रगतिपुस्तक असेल तर आणा. नाना माळ्यावर चढले आणि तिन्हीसांजेला जुना रेडिओ दुरुस्त करूनच उतरले. प्रगतिपुस्तक काकूंना पहिल्याच ट्रंकेत सापडलं. चारही इयत्तांत शेरा एकच : ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि पथ्यंही सांगितली. कामाचे तुकडे करा. आठवण डोक्यात नको, भिंतीवर लावा. कंटाळवाणं काम असेल तेव्हा कुणीतरी नुसतं शेजारी बसा.

काकू म्हणाल्या, “मग लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करतेय?”

खरंच आहे. नाना फॉर्म भरतात तेव्हा काकू समोर मेथी निवडत असतात. बोलत नाहीत. नानांचं पेन थांबलं की त्यांचा हात थांबतो, आणि पेन मुकाट्याने पुढे सरकतं.

मे महिन्यात मध्यरात्री पाण्याचा पंप बंद पडला. मेकॅनिक फोन उचलेना. नानांनी पंप खोलला. चहा आला, डास आले, सल्ले आले, त्यांना काहीच कळलं नाही. पहाटे टाकीत पाणी चढलं.

सकाळी सेक्रेटरी नारळ घेऊन आभार मानायला आले. दुसऱ्या हातात थकलेल्या मेंटेनन्सची नोटीस होती. एका फेरीत दोन कामं.

“चेक कधीच लिहून ठेवलाय!” नाना दुखावले.

काकूंनी हत्यारांची पेटी उघडली. चेक होता, सहीसकट, पान्याला गुंडाळलेला. तारीख दिवाळीची. चेक चालतो तीन महिने.

नानांनी चेकबुक काढलं, पेन उघडलं आणि नारळ किती पाण्याचा आहे ते कानाशी हलवून पाहू लागले.

“बसा हो सेक्रेटरी,” काकू म्हणाल्या, “मी मेथी आणते.”