अण्णा परत येतायत हो!

मराठी मालिकेत मरणं म्हणजे बिनपगारी रजेवर जाणं. हे एकदा मनाशी पक्कं केलं की नव्या पर्वाची वाट बघणं फारसं जड जात नाही. आवडती मालिका संपली म्हणून डोळ्याला पदर लावणाऱ्यांनी आधी अण्णा नाईकांकडे बघावं.

2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली ती मुळी अण्णांच्या मरणानेच. आकेरीच्या वाड्यात गोतावळा जमला, रडला, भांडला, एकमेकांवर संशय घेऊन दमला. गेला तो सुटला, म्हणून आपण टीव्ही बंद केला. तर 2019 मध्ये दुसरं पर्व आलं आणि त्यात अण्णा धडधाकट! गोष्ट मागे नेली होती म्हणे. एवढंच नव्हे, तर सोबत त्यांची प्रेयसी शेवंता. जो माणूस पहिल्या पर्वात घरच्यांच्या शिव्याशापांपुरता उरला होता, त्याच्यावर दुसऱ्या पर्वात अख्खा महाराष्ट्र भाळला. मग 2021 मध्ये तिसरं पर्व. त्यात अण्णा आणि शेवंता भुतं होऊन वाड्यावर हजर. म्हणजे माणूस आधी मेला, मग जगला, मग भूत झाला. गरुडपुराणातही हा क्रम सापडायचा नाही. त्यात शेवंतेचं काम करणारी नटी मध्येच बदलली. प्रेक्षकांनी थोडी कुरकुर केली आणि मग मान्य केलं, की मेल्यावर माणसाचा चेहरा थोडाफार बदलायचाच.

‘देवमाणूस’ची तऱ्हा याहून न्यारी. त्यातला बोगस डॉक्टर 2020 मध्ये आला, पर्व संपताना गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि वर्ष सरायच्या आत, 2021 च्या डिसेंबरात, दुसऱ्या पर्वात तो पुन्हा दारात उभा. 2025 मध्ये तिसऱ्यांदा आला तेव्हा मालिकेचं नाव होतं ‘मधला अध्याय’. पहिला, दुसरा आणि मग मधला! गणिताच्या मास्तरांनी ही मालिका बघू नये, रक्तदाब वाढेल. यात हा देवमाणूस शिंपी झालेला. धंदा बदलला, हातातली सुई काही सुटली नाही.

हिंदीवाले तरी कुठे शहाणे? ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये मिहीरला मारलं, तर देशभरातल्या बायकांनी असा आकांत मांडला की लेखकांना त्याला मुकाट्याने जिवंत करावं लागलं. 2008 मध्ये संपलेली ती मालिका 2025 च्या जुलैत परत आली, आणि ज्या सुना तेव्हा सासूच्या चोरून ती बघत होत्या, त्या आता सासू होऊन सुनेच्या चोरून बघताहेत. ‘सीआयडी’ वीस वर्षं चालून 2018 मध्ये थांबली, 2024 च्या डिसेंबरात परतली, आणि काही महिन्यांत एसीपी प्रद्युम्न, म्हणजे आपले शिवाजी साटम, बॉम्बस्फोटात ‘गेले’. वाहिनीने रीतसर श्रद्धांजली वाहिली. लोक हळहळले, चिडले. पुढे साहेब परत आले. हजारो प्रेतं तपासलेल्या माणसाला स्वतःच्या मरणातली गडबड कळू नये?

हे सगळं का होतं, ते उघड आहे. टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात, म्हणून चित्रगुप्तही हल्ली आपली वही गुरुवारीच उघडतो. आकडा चढला की आयुष्य वाढलं, घसरला की जिन्यावरून पाय घसरला. पर्व संपवताना तर मयताच्या पापणीची किंचित हालचाल दाखवतात. ती पुढच्या पर्वाची पावती असते. ती मिळेपर्यंत आमच्या सोसायटीतल्या काकू उठत नाहीत. मिळाली, की निश्चिंत मनाने कुकर लावायला जातात.

ओटीटीवाल्या तरुण मंडळींनी या काकूंना हसू नये. ‘पंचायत’साठी वर्ष-दोन वर्षं ताटकळायचं, एका रात्रीत सगळे भाग संपवायचे आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी विचारायचं, पुढचं कधी? काकू निदान वेळेवर झोपतात.

तेव्हा वाहिन्यांना हात जोडून एकच विनंती. नवं पर्व जरूर आणा, आम्ही वाट बघतोच आहोत. अण्णांना आणा, शेवंतेला आणा, देवमाणसाला हवं तर न्हावी करून आणा. फक्त एकदा मारलेल्या माणसाला निदान तेराव्यापर्यंत तरी मेलेला राहू द्या.