दहापटीचा कायदा

सांगली-मिरज रस्त्याला आता जी चकचकीत दुकानं झाली आहेत, त्यांतल्या काहींत तेलाच्या डब्यांच्या वर आणि कॅमेऱ्याच्या खाली एक पाटी दिसते. चोरी करताना सापडल्यास किमतीच्या दहापट दंड. ही पाटी आम्ही फार आदरानं वाचतो. संसदेत विधेयक मांडायचं, गोंधळात मंजूर करायचं, राष्ट्रपतींची सही घ्यायची, राजपत्रात छापायचं, एवढी यातायात करून सरकारला जे साधतं, ते दुकानदारानं फ्लेक्सवाल्याकडून दोन बाय तीनच्या सनबोर्डवर करून घेतलं. दंड ठरवणारा तोच, वसूल करणाराही तोच आणि ठेवून घेणाराही तोच. फौजदारी, दिवाणी आणि गल्ला, तिन्ही एकाच काउंटरला.

या कोर्टाची बैठक मागं, गोदामाच्या कडेच्या खोलीत भरते. समजा, अथणीकडचा एक माणूस आईला घेऊन मिरजेत आलाय. त्यात नवल नाही. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना काढल्यापासून कर्नाटकातले पेशंट मिरजेचीच वाट धरतात. आई वॉर्डात, हा खाली सामान घ्यायला. पंचाण्णव रुपयांची खोबरेल तेलाची बाटली त्याच्या पिशवीत जाते आणि बिलात येत नाही. विसरला की उचलली, ते त्याचं त्याला माहीत. दारातला गार्ड त्याला दंडाला धरून मागं नेतो. खोलीत फोडलेल्या खोक्यांचा ढीग, एक डुगडुगतं टेबल, स्टेपलर आणि पंचविशीतला मॅनेजर. मॅनेजर मोबाइलवर बाटलीचा फोटो काढतो, मग माणसाचा, मग बाटली हातात देऊन दोघांचा एकत्र. त्यानंतर एक छापील कागद पुढं सरकवतो. मजकूर इंग्रजीत, गृहस्थाला येतं कन्नड. सारांश असा, की मी स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाखाली न येता, नऊशे पन्नास रुपये भरत आहे. गार्डचा हात अजून त्याच्या दंडावरच असतो.

यावर त्या गृहस्थानं काय करावं? रडावं, हे सगळेच करतात. पाया पडावं, हेही करतात. आमचा सल्ला वेगळा आहे. त्यानं पैसे मोजायच्या आधी शांतपणे विचारावं, “साहेब, पावती मिळंल नव्हं?”

एवढ्या प्रश्नानं मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळतं. दुकानात साध्या काडेपेटीलाही बारकोड असतो, पण ‘चोरीचा दंड, दहापट’ या मालाला नसतो. बिल फाडायचं तर कोणत्या नावानं? जीएसटी लावायचा तर किती? केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये परिपत्रक काढून करारभंगाचा दंड, नुकसानभरपाई वगैरेंवर साधारणपणे जीएसटी लागत नाही, असा खुलासा केला आहे. त्यात गोदामाच्या खोलीतल्या नऊशे पन्नासाचा उल्लेख आमच्या तरी वाचनात आलेला नाही.

पावती मिळाली नाही की मॅनेजर हुकमाचं पान टाकतो. “पोलिसांना बोलवू काय?” इथं वाचकांनी जरा सावध बसावं, कारण खरी गंमत इथंच आहे. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणं चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. म्हणजे हवालदार येणार, बाटली न्याहाळणार, एनसी लिहून घेणार आणि ‘कोर्टात जावा’ म्हणून निघून जाणार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तर सांगतं, की साध्या नागरिकाला कुणाला अटक करायची असेल तर गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, आणि धरलेल्याला उशीर न लावता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायला हवं. खोबरेल तेलाची बाटली यांतल्या कशातच बसत नाही. मग तो दंडावरचा हात कोणत्या कलमाखाली, हे गार्डलाच विचारावं लागेल.

आणि भीती घालून बेइमानीनं पैसे उकळणं, म्हणजे खंडणी, हे आहे न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये. शिक्षा सात वर्षांपर्यंत. बाटली नेणाऱ्याला फार तर तीन, बाटलीच्या नावावर नऊशे पन्नास काढणाऱ्याला सातपर्यंत. पोलीस खरोखरच आले तर घाम नेमका कुणी पुसायचा, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आमची चोराला सहानुभूती आहे असं कुणी समजू नये. बाटली परत घ्या, किंमत घ्या, कोर्टात खेचा. कोर्टानं त्याला गणपती विसर्जनानंतर स्वागत कमानींखालचा रस्ता झाडायला लावला, तर महापालिका दुवाच देईल. पाच वर्षांनी तोच माणूस नगरसेवकपदाला उभा राहिला, तर समाजसेवेचा कोर्टाचा दाखला जोडू शकेल. इतर उमेदवारांकडं तेवढाही नसतो.

जुन्या मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या आसपास, याची पद्धत निराळी होती. पोरानं बरणीतून चार गोळ्या लांबवल्या की शेठजी ओरडत नसत. संध्याकाळी बापाच्या खात्यावर चार गोळ्या चढत आणि बाप घरी पोराच्या पाठीवर हिशेब मिटवी. ती पद्धत गोड होती असं नाही. रात्रीपर्यंत गल्लीभर झालेलं असे. पण चार गोळ्यांच्या चाळीस होत नसत, कारण चाळीस लिहिल्या तर बाप दुसऱ्या दिवसापासून समोरच्या दुकानात जाई.

अमेरिकेनं या बाबतीत फार प्रगती केली. तिथं खोलीत नेऊन दरडावायची गरज नाही. माणूस घरी गेल्यावर वकिलाचं पत्र येतं, अतिशय सभ्य भाषेत. आपली निम्मी कॉम्प्युटर शिकलेली पोरं ज्या न्यू जर्सीत आहेत, तिथल्या कायद्यात दुकानदाराला मालाच्या नुकसानीखेरीज दीडशे डॉलरपर्यंत दिवाणी दंड मागता येतो. ते भरल्यानं फौजदारी खटला टळतो असंही नाही. पत्र एकीकडून, समन्स दुसरीकडून. वर जुलै २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासानं भारतीयांना जाहीर बजावलं, की चोरीमारी केलीत तर व्हिसाही जाऊ शकतो. सेल्फ चेकआउटला एखादी कोथिंबिरीची जुडी स्कॅन करायची राहिली, तर इकडं आजीनं देव पाण्यात ठेवायला हरकत नाही.

पण तिकडंही सगळेच मुकाट्यानं भरत नाहीत. कॅनडातल्या विनिपेगमध्ये एका आईनं मुलाच्या चोरीपायी असल्या पत्राला घाबरून सव्वादोनशे डॉलर भरले आणि मग कोर्टात जाऊन परत मिळवले. पत्रातल्या मागणीला आधारच नाही, असं १९९६ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या कोर्टात २०१२ मध्ये एका दुकानानं दोन मुलींकडून सुरक्षारक्षकांच्या वेळेचे पैसे मागितले. कोर्टानं दावा फेटाळला. रक्षक चोर पकडायलाच ठेवलेले आहेत, त्यांनी चोर पकडला यात दुकानाचं बुडालं काय? सॅन फ्रान्सिस्कोत तर एक कंपनी सापडलेल्यांना चारशे-पाचशे डॉलर घेऊन सुधारण्याचा व्हिडिओ कोर्स विकत होती. घ्या, नाहीतर पोलीस. २०१७ मध्ये कोर्ट म्हणालं, ही निखालस खंडणी. आमच्याकडचा सनबोर्ड अजून त्या कोर्टापर्यंत पोचलेला नाही, एवढंच.

मिरजेला पत्रातून पैसे मागण्याची ओळख नाही असं मात्र कुणी म्हणू नये. चेक बाउन्स झाला की तीस दिवसांत नोटीस आणि पंधरा दिवसांत पैसे, हा खेळ कोर्टाच्या आवारातला चहावालाही समजावून सांगतो. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. सगळ्यांचा ऊर भरून आला, आणि मग रेल्वेनं लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना सुमारे चार कोटींचं बिल पाठवलं. निदान ते बिल तरी लेखी होतं.

तेव्हा मिरजेतही हा व्यवहार आता पत्रानंच व्हावा, अशी आमची सूचना आहे. सुरुवात गिऱ्हाइकांनी करावी. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं एका मोठ्या साखळी दुकानाला, गल्ल्यावर कॅरीबॅगचे वेगळे पैसे लावू नका, असं खडसावलं आहे. म्हणजे पाया रचलेलाच आहे. नमुना देतो, कुणीही उतरवून घ्यावा:

रा. रा. मॅनेजरसाहेब यांस, स. न. वि. वि.

आपल्या दुकानात सुट्टे नाहीत या सबबीखाली आम्हांस दोन-दोन रुपयांऐवजी वेळोवेळी चॉकलेटं देण्यात आली. ती आम्ही मागितली नव्हती. एकावर एक फ्री या पाटीखालचा दुसरा साबण, गल्ल्यावर विचारलं असता, ऑफर कालच संपली म्हणून देण्यात आला नाही. पाटी मात्र आजही आहे, फोटो सोबत जोडला आहे. सबब सदर रकमेच्या दहापट, आपल्याच दुकानातील पाटीवरच्या दरानं, आपण स्वखुशीनं आणि कोणाच्याही दबावाखाली न येता पंधरा दिवसांत भरावी. चॉकलेटं स्वीकारली जाणार नाहीत.

ता. क. आपण जागेवर नसल्यास हे पत्र गार्डनं सही करून घ्यावं. त्याच्या वेळेचे पैसे आम्हांस लावू नयेत.