क्रूझवाले सर

क्रूझवाले सर हा मनुष्यप्रकार वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), सिंदी (मेघे) अशा वसाहतींत आढळतो. त्याने शाळेत शिकवलेले असलेच पाहिजे असे नाही. बँक, जिल्हा परिषद, पाटबंधारे, कुठल्याही खात्यातून निवृत्त झालेला, घरावर दुसरा मजला चढवलेला आणि मुलगा पुण्याला नोकरीत असलेला गृहस्थ इकडे ‘सर’च असतो. रेल्वेने मुंबई त्याच्यापासून साडेसातशे किलोमीटरांहून लांब. पोहणे तो विहिरीत शिकलेला असतो किंवा शिकलेलाच नसतो; पाण्याविषयीची मते दोन्ही बाबतींत सारखीच ठाम असतात.

हा प्रकार अलीकडचा आहे. पूर्वी एलटीसीवर अंदमान गाठले की माणसाचे फिरणे पूर्ण झाले असे समजत. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले, त्यात लक्षद्वीपही आले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथल्या वाळूवरचे फोटो घरोघरच्या फोनवर येऊन पडले. सरांनी चौकशी आरंभली. जहाज मूळचे १९९० सालचे आहे असे कळल्यावर, “म्हंजे माह्या नोकरीच्याच वयाचं हाय, मजबूत असंन,” असा निर्वाळा देऊन त्यांनी दिवाळीच्या सुट्टीसाठी सगळ्या कुटुंबाचे पैसे भरले. पावसाळ्यात तिकडचा समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुलांच्या शाळेच्या दृष्टीने दिवाळी किंवा नाताळ सोयीचे पडतात.

लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही परवाना लागतो. बाहेरच्यांच्या येण्याराहण्यावर १९६७ च्या नियमांनी बंधन आहे, कारण तिथले मूळ रहिवासी बहुतेक सगळे अनुसूचित जमातींतले आणि जागा मुळातच थोडी: छत्तीस बेटे मिळून ३२ चौरस किलोमीटर, वस्ती त्यांपैकी दहांवर. क्रूझच्या प्रवाशांचा परवाना कंपनीच काढते. हे सरांना सांगून उपयोग नसतो. सगळ्यांच्या आधार कार्डांच्या तीन-तीन रंगीत झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी ते बनियनच्या आत बाळगतात. सामानात चिवडा, वर्ध्याचा गोरसपाक, आवळासुपारी, लिंबे, ॲव्होमिनच्या गोळ्या आणि, जहाजावरच्या भाजीवर मुळीच विश्वास नसल्याने, घरचे तिखट असते. सेवाग्राम एक्स्प्रेसने सकाळी मुंबई, तिथून बॅलार्ड पिअर.

जहाजावरच्या पहिल्या दीड दिवसात जेवणाच्या रांगा आणि लिफ्टमधली चुकामूक यांपलीकडे नोंदण्यासारखे फारसे घडत नाही. अपवाद जावईबापूंचा. वर्धा हा गांधीजिल्हा म्हणून दारूबंदीचा. लक्षद्वीपमध्येही बंगारम बेटाचा अपवाद सोडला तर दारूला बंदीच. एका बंदीकडून दुसऱ्या बंदीकडे जाणाऱ्या या जहाजावर मात्र बार असतो. जावईबापू तिथे ‘समुद्र पाहायला’ बसतात. सासरेबुवा दारापर्यंत येतात, आत डोकावतात आणि “इथून चांगला दिसते का?” एवढेच विचारून परत फिरतात.

उतरण्याच्या दिवशी सरांचे खरे काम सुरू होते. जहाज थांबते ते अगत्ती हे प्रवाळबेट आहे. त्याच्या पश्चिमेला प्रवाळाच्या कड्याने अडवलेले उथळ सरोवर आहे, त्यात मोठे जहाज शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि बेटावरच्या होड्या येऊन प्रवाशांना नेतात. सर पहाटे साडेचारला हजेरी घेतात. लाइफ जॅकेटचे बकल नीट लागत असले तरी नातवाच्या जॅकेटवर ते वरून सुतळी बांधतात. जहाजाच्या कुशीतले दार उघडते तेव्हा समोरची होडी एका क्षणी पायाशी असते आणि दुसऱ्या क्षणी हातभर खाली. “आधी लेकरं, मंग बाया, मंग...” असे सर सांगत असताना दोन खलाशी त्यांना काखेत धरून उचलतात आणि फळीवर ठेवतात. वाक्याचा उत्तरार्ध होडीत पुरा होतो. “भैया, ये कायको इतना हिल रहा?” या प्रश्नावर, घरी मलयाळमची जेसरी बोली बोलणारा नावाडी “बैठो” एवढेच म्हणतो. सर बसतात. निवृत्तीनंतर त्यांनी इतक्या मुकाट्याने ऐकल्याचे दुसरे उदाहरण घरच्यांना आठवत नाही.

बेटावर पाय ठेवल्यापासून पहिला तासभर सर समुद्राकडे पाहत नाहीत. अगत्तीची लांबी सुमारे सात किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त एक. दक्षिणेच्या शेपटीवर १९८८ पासून विमानतळ आहे आणि तिथे धावपट्टीच्या दोन्ही अंगांना पाणी. “इकडून बी समुद्र, तिकडून बी समुद्र, मंग मधात जमीन किती रायली?” एका झाडाला वर्षाला नारळ किती, माडांना पाणी कोण देते, सातबारा कुणाच्या नावाने, या प्रश्नांवर स्थानिक वाटाड्याची धांदल उडते. त्याने तयारी केलेली असते ती माशांच्या नावांची.

पाण्याचा विषय निघाला की सर पहिल्यांदा गप्प राहून ऐकतात. अशा बेटावर गोडे पाणी म्हणजे वाळूत मुरलेला पाऊस. तो खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून राहतो आणि उपसा वाढला की विहीर मचूळ होते. म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर आणि २०११ मध्ये अगत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र उभारले. समुद्राचे वरचे कोमट पाणी हवेचा दाब कमी करून वाफेत बदलायचे आणि खोलातून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा थंड करायची. एप्रिल-मे काढलेल्या वर्धेकराला हे कुठल्याही लाटेपेक्षा जास्त भावते. बाकीचे कुटुंब पाण्यात उतरलेले असते तेव्हा सर वाळूवर काडीने त्या संयंत्राची आकृती काढून जावईबापूंना समजावत असतात. महाकाळीच्या धरणातून वर्ध्याला येणारे पाणीही ते त्याच आकृतीला जोडतात. जावईबापू मान डोलावतात; बेटावर त्यांना दुसरा उद्योगही नसतो.

त्या वाळूची कथा नातीला शाळेच्या प्रोजेक्टमुळे माहीत असते. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, त्यावरचे शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना पांढऱ्या भुकटीच्या रूपाने मागून सोडून देतो. अशा किनाऱ्यांवरची बरीचशी वाळू त्यातूनच येते. “म्हंजे आपण कायच्यावर बसून राहिलो?” असे विचारून सरांच्या वहिनी चटकन उठतात आणि चिवड्याचा डबा सतरंजीच्या मधोमध सरकवतात.

स्नॉर्केलिंगला सर नाही म्हणत नाहीत, कारण पैसे भरलेले असतात. अडचण मिशीची येते. मुखवट्याची रबरी कड वरच्या ओठावर घट्ट बसली पाहिजे. मिशी असली की तिथून पाणी झिरपते. प्रशिक्षक मिशीला व्हॅसलिन चोपडायला सांगतो. सर तसे करतात, तोंड बुडवतात, नाकात पाणी घेऊन वर येतात आणि मुखवटा निकृष्ट असल्याचे जाहीर करतात. दुसरा मुखवटा, तोच निकाल. मिशी काढण्याचा पर्याय नातू सुचवतो, तेव्हा त्याला सूर्यनमस्कारांची आठवण करून दिली जाते.

याच सुमारास सरांच्या सौभाग्यवती, म्हणजे काकू, पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभ्या असतात. अगत्तीच्या सरोवरात समुद्री गवत खाणारी हिरवी कासवे राहतात. एक कासव काकूंपासून दोन हातांवर वर येते, श्वास घेते, थोडे थांबते आणि जाते. काकू हाक मारायला वळतात. सर पाठमोरे बसून कानातले पाणी काढत असतात. हाक राहून जाते.

तळाला काच असलेल्या होडीतून प्रवाळ दाखवतात. फोनवर पाहिलेले रंग तिथे नसतात. बराच भाग राखाडी, मोडका दिसतो. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातले रंगीत शेवाळ टाकून देतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झाले. सरांना हे पटते, पण तिकिटात काही सूट मिळायला हवी होती असे त्यांचे मत पडते. किनाऱ्यावर प्रवाळाचे तुकडे पडलेले असले तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते उचलायला बंदी आहे. सर नातवंडांचे खिसे तपासतात. वहिनींनी मात्र बिसलरीच्या बाटलीत समुद्राचे पाणी भरून घेतलेले असते, घरात शिंपडायला. त्याविरुद्ध कुठले कलम सरांना सापडत नाही.

जेवणात कुप्पा मासा असतो. लक्षद्वीपचे मच्छीमार तो काठी-गळाने एकेक करून पकडतात, जाळ्यात गोळा करत नाहीत. सरांचा सवाल काट्यांचा असतो, आणि वर्ध्यात मटण काय किलो आहे हा. शेवटी घरच्या तिखटाची पुडी उघडते. वाढणारा मुलगा ते चाखून पाहतो आणि दुसऱ्यांदा मागतो. दिवसभरात सर इथेच काय ते मनापासून खूश झालेले दिसतात.

परतीची होडी वेळेवर सुटते. सरांची हजेरी दोनदा चुकते, कारण ते स्वतःला मोजत नाहीत. वहिनींची बाटली भुसावळच्या पुढे जावईबापूंच्या हाती लागते आणि निम्मी संपल्यावर उलगडा होतो. उरलेली बोरगावला पोहोचते.

पुढे दोन-तीन महिने सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सर लक्षद्वीप सांगतात. कुणी जायचे म्हटले की झेरॉक्स, तिखट आणि सुतळी या तिन्हींची यादी हातात पडते. काकूंनी रात्री जहाजावर सांगितलेले कासवही या कथेत आलेले असते. दिवाळीत ते काकूंना दिसलेले होते, डिसेंबरात दोघांना. संक्रांतीच्या सुमारास ते एकट्या सरांना आणि चार फुटांवरून दिसलेले असते. काकूंची हरकत फक्त त्या चार फुटांना असते.