पहिलटकर

प्रत्येक तालुक्याच्या गावाला एक पहिला माणूस लागतो. पांढरकवड्याला तो युनिटभाऊंच्या रूपाने लाभला आहे. नागपूरहून हैदराबादकडे निघालेली कोणतीही नवी वस्तू पहिला मुक्काम यांच्या ओसरीत करते. गावातला पहिला सोलर कुकर यांचा, पहिला इन्व्हर्टर यांचा. २००२ साली सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली, तेव्हा पिशवी फोडायची घाई यांनाच. खरे नाव चांगले बारशात ठेवलेले आहे, पण इलेक्ट्रिक मोटारसायकल आल्यापासून ते फक्त सातबाऱ्यावर उरले आहे.

गाडीला आवाज नाही. ती कसर भाऊ भरून काढतात. "शंभर किलोमीटरले तीन युनिट. युनिटले दहा रुपये धरा. किलोमीटरले किती पडले? तीस पैसे! सांगा बावा, तीस पैशात काय येते आता?" हा हिशोब ते लग्नाच्या पंगतीत मांडतात आणि मयतीलाही मांडतात, तिथे फक्त आवाज जरा लहान ठेवतात. पेट्रोल पंपासमोरून जाताना गाडी मुद्दाम हळू करतात.

अशा माणसाचा चार्जर ऐन मे महिन्यात गेला. दिवसा पारा पंचेचाळीसच्या घरात, रात्री विजेचा दाब कधी पंखा हलेना इतका कमी, तर कधी बल्ब डोळे वटारील इतका जास्त. एका सकाळी चार्जरवरचा लाल दिवाही नाही, हिरवाही नाही. बातमी कट्ट्यावर पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.

"काहो भाऊ, किती पैसे पडले आज?"

"शून्य!" भाऊ म्हणाले. "गाडी उभी, खर्च बंद. पेट्रोलच्या गाडीले जमते का असं?"

मग सल्लागार जमले. ज्यांनी आयुष्यात फ्यूजची तारही बदलली नव्हती, ते पुढे होते. एकाने चार्जरवरची पाटी वाचली आणि चोर सापडल्यागत ओरडला, "बॅटरी बहात्तर व्होल्टची अन् चार्जर चौऱ्याऐंशीचा! मंग जळन नाही तं काय होईन?" दुसऱ्याने बॅटरी-रिक्षावाल्याकडून बहात्तर व्होल्टच्या शिसे-ॲसिड बॅटऱ्यांचा चार्जर उसना आणला. पिन जमत होती. आपल्याकडे पिन जमली की छत्तीस गुण जमले असे समजतात.

टीव्ही दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री तिथे होते म्हणून बॅटरी वाचली. ते म्हणाले, "याच्यात लिथियमचे वीस सेल एकामागं एक जोडले हायत. चालताना सेल साडेतीन-पावणेचार व्होल्टचा, म्हणून बहात्तर म्हणतेत. पुरा भरला की चार पूर्णांक दोन. वीस चोक ऐंशी, वर चार. चौऱ्याऐंशीच पायजे. अन् हा रिक्षाचा चार्जर अठ्ठ्याऐंशीलोक जाते. बॅटरीतलं सर्किट अडवन म्हना, पन त्याच्या भरोशावर राहू नका."

मग त्यांनी जुना चार्जर उघडला. पंख्याच्या जाळीत रुईचा असा जाड थर बसला होता की बाळाची उशी भरावी. भाऊंचे घर जिनिंगच्या वाऱ्याखाली. हंगामभर उडालेली रुई पंख्याने इमानदारीने आत ओढली होती. आत कपॅसिटर टोपीवर फुगलेला, शेजारी जळक्या तपकिरी डागाचे वर्तुळ.

"याच्यावर काही झाकत होते का, भाऊ?"

भाऊ गप्प. उत्तर आतून वहिनींनी दिले. "माहा चांगला दुपट्टा गुंडाळत होते जी. म्हणे, त्याले ऊन लागन!"

चार्जरला स्वतःचीच उष्णता बाहेर टाकायची असते, हे विदर्भातल्या माणसाला पटवणे कठीण. इथे उन्हाळ्यात दुपट्ट्याशिवाय कोणी दाराबाहेर पडत नाही.

कंपनीने तक्रारीचा नंबर दिला आणि धीर धरायला सांगितले. शेवटी त्याच पाटीचा, तितक्याच व्होल्टचा आणि अँपिअरचा नवा चार्जर नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आला. मिस्त्रींनी मीटर लावून अधिक-उणे तपासले, लाल दिवा लागला आणि कट्टा निराश होऊन पांगला.

भाऊ मात्र दुसऱ्या दिवसापासून चार्जरचे जाणकार झाले. आता तीस पैशांच्या हिशोबाआधी कपॅसिटर येतो. चार्जर लाकडी फळीवर उघडा, दर आठवड्याला ब्रशने जाळी साफ, दाब वर-खाली झाला की प्लग बाहेर. गाव हसते, पण पहिला माणूस ठेच खातो ती सगळ्यांच्या वाटची, हे गाव जाणून असते. म्हणूनच त्याला वेडा म्हणते आणि विचारल्याशिवाय काही घेत नाही.

परवा सगळे उठून गेल्यावर चौऱ्याऐंशीवाला चोर पकडणारा गृहस्थ मागे रेंगाळला. इकडे-तिकडे पाहून हळूच म्हणाला, "भाऊ, माह्या जुन्या गाडीचे एक्स्चेंजमध्ये किती येतीन जी?"

भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. "ते राहू द्या. आधी सांगा, घरी अर्थिंग हाय का?"