खेकडा रंगवण्याची शास्त्रोक्त पद्धत

लोणावळ्यात राहून ज्यांना बोरघाटातले जुने इंजिन 1:87 प्रमाणात रंगवण्याची इच्छा झाली आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांना अशी इच्छा झालेली नाही त्यांनी पुढे वाचू नये. हा छंद नुसता वाचूनही लागतो.

आधी इंजिन ठरवावे. बहुतेक साधक आधी एअरब्रश विकत घेतात आणि मग घरात रंगवण्याजोगे काय आहे ते शोधत फिरतात. त्या काळात टेबलफॅनने स्वतःला जपावे. आपल्या भागात इंजिनाबद्दल वाद नको: डब्ल्यूसीजी-1, म्हणजे आपला खेकडा. घाटात वीज आली तेव्हा, 1928 पासून, ही इंजिने दाखल झाली. पहिली 10 स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची, उरलेली 31 इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाके, चाकांना जोडणारे दांडे. उभे असताना कण्हायचे आणि चालताना विचित्र आवाज करायचे, म्हणून चालकांनी खेकडा म्हटले. 37 ला 1 अशा चढावर मालगाडी ओढताना कण्हण्याचा हक्क कोणालाही आहे. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक खेकडा उभा आहे. तिथे जाऊन फोटो भरपूर काढावेत, मात्र त्याच्या रंगावर विसंबू नये. जपून ठेवलेल्या इंजिनांना पुन्हा पुन्हा हात मारलेला असतो.

एक दुःख सुरुवातीलाच पचवावे. आपला रूळ 1676 मिलिमीटरचा. 87 ने भागले तर सव्वाएकोणीस येतात. बाजारात या प्रमाणाचा रूळ मिळतो तो साडेसोळाचा, कारण जग 1435 वर चालते. मधले पावणेतीन मिलिमीटर मनातून काढून टाकावेत. ज्यांना ते काढता येत नाहीत, त्यांच्याशी लग्नकार्यातही कोणी फार वेळ बोलत नाही.

आता मुहूर्त. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आपल्या खोलीत पडतो असे जुलैत वाटते. आषाढ आणि श्रावण रंगकामास वर्ज्य. भाद्रपदात गणपतीचे निमित्त सांगून कोणी आग्रह केला तरी ऐकू नये. लॅकर जातीचा रंग दमट हवेत मारला की त्यातले थिनर झपाट्याने उडते, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि काळे इंजिन राखाडी-पांढरे होते. आर्द्रता मोजायला बाजारात यंत्रे मिळतात, पण स्थानिक पद्धत स्वस्त आहे. शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा उघड्या बशीत टेबलावर ठेवावा. अर्ध्या तासाने तो कडक राहिला तर रंग मारावा, बोटाला चिकटला तर झाकण लावून झोपावे. गूळ ओलावा ओढतो, त्यात अंधश्रद्धा काही नाही. उपकरण कोणीतरी खाऊन टाकण्याचा धोका मात्र आहे. शनिवार-रविवारी भुशी धरण पाहायला पाहुणे आलेले असतील तर दोन उपकरणे ठेवावीत.

ज्यांना दम धरवतच नाही त्यांनी तळेगावात एखादा स्नेही जोडावा. मळवली, कामशेत करत लोकल पूर्वेकडे सरकते तसा पाऊस उतरत जातो. मावळ एकच तालुका, पण प्रायमर वाळण्याच्या दृष्टीने त्याची दोन राज्ये आहेत.

खरे प्रकरण कॉम्प्रेसरचे. इथे थोडे थांबावे लागेल, कारण दुकानदार इथे थांबत नाही. छोट्या टाकीचा कॉम्प्रेसर मिनिटाला वीसेक लिटर हवा ओढतो आणि चार बारपर्यंत दाबतो. पावसाळ्यातल्या घनमीटरभर हवेत वीसेक ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा दाबून पाचव्या हिश्शावर आणली आणि पुन्हा गार झाली की त्यातले पंधरा ग्रॅमच्या आसपास पाणी बाहेर पडते. म्हणजे यंत्र तासभर सलग चालले तर मोठा चमचाभर पाणी तयार. ते टाकीत, नळीत आणि संधी मिळाली तर खेकड्याच्या नाकावर येते. म्हणून टाकीच्या बुडाशी तोटी असलेलाच कॉम्प्रेसर घ्यावा आणि काम संपले की ती तोटी उघडावी. रेग्युलेटरला वॉटर ट्रॅप हवाच, शिवाय एक छोटा ट्रॅप थेट एअरब्रशच्या मुठीशी. नळी तीन मीटरची घ्यावी, कारण हवा वाटेत गार होते आणि पाणी शेवटच्या ट्रॅपच्या अलीकडेच पडते. आखूड नळीने पैसे वाचतात, इंजिन वाचत नाही.

शेजारचे काका या टप्प्यावर येऊन उभे राहतात.

“पंक्चरवाल्याकडून हवा आणली असती की. पाच रुपयांत काम.”

त्यांना नम्रपणे सांगावे की त्या हवेत पाण्यासोबत तेलही येते, आणि तेलावर रंग धरत नाही. काका तरीही मान हलवतात. त्यांना बसायला खुर्ची द्यावी, पण मास्क लावल्याशिवाय नाही.

मग एअरब्रश. सिंगल अॅक्शनमध्ये बोट दाबले की हवा आणि रंग एकदम येतात. डबल अॅक्शनमध्ये दाबले की हवा, मागे ओढले की रंग. दुसराच घ्यावा. सुरुवातीला बोट विसरते आणि मागे ओढण्याऐवजी दाबतच राहते, तेव्हा सरावासाठी जुनी वर्तमानपत्रे वापरावीत, संग्रही दिवाळी अंक नव्हेत. रंगाचा कप वरून बसणारा हवा. खालून बाटली लटकवणारा प्रकार मोठ्या कामाला बरा, पण खेकडा तळहातावर मावतो. नॉझल 0.3 मिलिमीटर. 0.2 चा मोह होतो, कारण त्याने केसासारखी रेघ येते असे सांगतात. ती येते, पण त्याआधी नॉझल तुंबते. मोठ्या सपाट भागांना 0.5 चालेल, पण इंजिनाला सपाट भाग आहेत कुठे? जाळ्या, रिबिटे, कड्या, शिड्या. दाब 15 ते 20 पीएसआय. जास्त दाबाने रंग हवेतच वाळतो आणि इंजिनावर खसखस पडते.

रंग दुधाइतका पातळ करावा. कोणत्या दुधाइतका, यावर घरात चर्चा होऊ देऊ नये. हार्डवेअरच्या दुकानातले स्वस्त थिनर पॉलिस्टायरीनच्या मॉडेलवर वापरू नये, ते प्लास्टिक खाते. रबरी पॅकिंगही त्याने फुगतात. अॅक्रिलिक वापरत असाल तर सुईच्या टोकावर रंग वाळून गोळा होतो. तो ओल्या ब्रशने टिपावा, नखाने नाही. सुईचे टोक एकदा वाकले की एअरब्रश पेनासारखा शर्टाच्या खिशाला लावायच्या लायकीचा राहतो.

हात बसल्यावर काही महत्त्वाकांक्षी मंडळी डेक्कन क्वीनकडे वळतात. 1 जून 1930 ला सुरू झाली तेव्हा तिचे दोन रेक होते: एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या, आणि दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. रुपेरी रंगाखाली कणभर धूळ राहिली तरी ती दिसते, आणि सोनेरी रेघ एअरब्रशने मारू पाहणाऱ्याला मास्किंग टेपचा भाव तोंडपाठ होतो. पेणचे मूर्तिकार अंगाचा रंग यंत्राने फवारतात, पण डोळ्यांची आखणी ब्रशनेच करतात. त्यांच्याहून आपण शहाणे नाही. रेघा आणि अक्षरे हातानेच किंवा डिकालने करावीत.

एअरब्रशचे खरे सार्थक मळवण्यात आहे. घाट उतरणारी गाडी ब्रेक दाबत येते आणि ब्रेकचे ठोकळे झिजून तांबूस भुकटी चाकांवर, बोगींवर, डब्यांच्या खालच्या कडांवर बसते. ती भुकटी उठवायला जगात एअरब्रशसारखे साधन नाही: रंग फार पातळ, दाब 12-15, आणि हात सतत हलता. चकचकीत नवे इंजिन कोणीही करेल. लोणावळ्याच्या माणसाचे इंजिन कर्जतहून चढून आलेले दिसले पाहिजे. नुकतेच कारखान्यातून आलेले असे जे ठेवतात, त्यांना घाटाखाली पाठवावे.

शेवटी स्वच्छता, जी सगळ्यात आधी शिकवायला हवी होती असे सगळेच म्हणतात. कपात थिनर घालून नॉझलचे तोंड कपड्याने झाकावे आणि ट्रिगर ओढावा, म्हणजे बुडबुडे येऊन आतला रंग मागे येतो. मग सुई काढून पुसावी. नॉझल तांदळाच्या दाण्याहून लहान असते आणि ती मोरीत धुणाऱ्यांना मोरीच्या जाळीचे महत्त्व उशिरा कळते. वाटीत धुवावी. चहाची वाटी नको.

आणि दुकानात गेलात की एअरब्रशची किंमत सर्वात शेवटी विचारा. आधी वॉटर ट्रॅपची विचारा. दुकानदाराने “त्याची काय गरज?” म्हटले, तर तो पुण्याचा आहे असे समजून पुढच्या दुकानात जा.