पाणी किती वाजता यायचं?

नागासाकीच्या धक्क्यावर बोटीत चढण्याआधीच आमच्याकडून हमीपत्र भरून घेतलं. कठडा ओलांडणार नाही, उंच टाचांचे बूट घालणार नाही, छत्री उघडणार नाही. "एवढ्या अटी तर तुमच्या काकूनं लग्नातही घातल्या नव्हत्या," बापूकाका म्हणाले. "घालायला हव्या होत्या," काकू म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

हाशिमा हे कोळशाच्या खाणीचं बेट. १८९० मध्ये मित्सुबिशीनं ते विकत घेतलं, समुद्रतळाखालून कोळसा उपसला आणि खाणीतल्याच दगडमातीची भर घालून बेट फुगवलं. जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली. एप्रिलअखेर बेटावर चिटपाखरू उरलं नाही.

जेमतेम सहा हेक्टर जागा आणि १९५९ साली तिथं माणसं ५,२५९! हा आकडा सांगून गाइड आमच्या आश्चर्यासाठी थांबला. युरोपीय मंडळींनी ते रीतसर व्यक्त केलं. गिरगावच्या आमच्या घोळक्यात एक पापणी लवेल तर शपथ. "पाणी किती वाजता यायचं?" बापूकाकांनी विचारलं. गाइड खुलला. आधी पाणी बोटीनं यायचं, १९५७ मध्ये समुद्राखालून नळ आला. न्हाणीघरं सार्वजनिक. गच्चीवर बाहेरून माती आणून भाजी लावलेली. "म्हणजे सगळ्या सोयी होत्या," काकांनी शेरा मारला.

अवशेषांत मनसोक्त भटकायचं म्हणून आलो होतो. भटकंती निघाली दोनेकशे मीटरच्या आखीव वाटेची. १९१६ मधली काँक्रीटची चाळ, जपानातली त्या तऱ्हेची पहिली, कठड्याअलीकडूनच पाहायची. 'स्कायफॉल'मधल्या खलनायकाचा अड्डा या बेटावरून सुचला म्हणे. पण तो उभारला इंग्लंडमधल्या सेटवर. तिथं बाँडला कठडा आडवा आला नाही.

खाणीकडे जाणारा जिना अजून शाबूत आहे. खाली तीस अंश उष्मा आणि दमट हवा. काकूंनी विचारलं, "हे सगळे आपखुशीनं उतरायचे का हो?"

दूरदर्शन संच आणि सिनेमागृहाबद्दल भरभरून बोलणारा गाइड इथं दोन वाक्यांत आटोपला. युद्धकाळात कोरियन आणि चिनी मजुरांना इथं सक्तीनं राबवलं होतं. २०१५ मध्ये बेट जागतिक वारसा यादीत आलं, ते हा इतिहास नीट सांगू या जपानच्या आश्वासनासह. २०२१ मध्ये वारसा समितीनं ते पुरतं पाळलं नाही म्हणून तीव्र खेद नोंदवला. तेव्हा जाल तर छत्रीऐवजी रेनकोट न्या, आणि पाण्याची चौकशी झाली की काकूंचा प्रश्नही विचारा.