चार टोलनाके आणि एक थरथर

पुण्याहून जुन्या स्पोर्ट्‌स कारनं सोलापूरला निघालेल्या गाडीमालकाला हडपसर ओलांडल्यावर आपली गाडी ठणठणीत असल्याचा साक्षात्कार होतो. पुढं सुमारे अडीचशे किलोमीटरचा चौपदरी रस्ता, भिगवणजवळ उजनीचं पाणी, दोन्ही बाजूंना ऊस आणि गाडी पाचव्या गिअरमध्ये सुरळीत. दुखणं बाहेर पडतं ते पाटसच्या टोलनाक्यावर. फास्टॅग आल्यापासून नाक्यावर थांबायचं नाही असं ठरलेलं आहे, फक्त ते रांगेतल्या पुढच्या ट्रकला कुणी कळवलेलं नाही. त्यामुळं थांबावं लागतं आणि पुन्हा निघावंही लागतं. पहिला गिअर टाकून क्लच सोडायला घेतला की बॉनेटखाली धडधड सुरू होते, स्टिअरिंग हातात थरथरतं आणि आरशात मागची एक एस.टी. तीन दिसते. दोन सेकंदांत सगळं शांत. सरडेवाडीला तेच, वरवड्याला तेच, सावळेश्वरला तेच. सोलापुरात शिरेपर्यंत मालकानं मनाशी निकाल देऊन टाकलेला असतो, की क्लच गेला. निकालाची ही घाई महागात पडते. थरथर क्लच सोडताना जाणवते एवढ्यावरून दोष क्लच प्लेटचाच आहे असं ठरत नाही, आणि ते ठरवणाऱ्या निम्म्या तपासण्या गिअरबॉक्स न उतरवता, एक पैसा न घालवता होतात.

गाडी म्हणून सॅन स्टॉर्म घेऊ. १९९८ साली आलेली बंगळुरूच्या सॅन कंपनीची ही दोन आसनी, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची गाडी. आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. सोलापूरच्या उन्हात टप उघडून फिरायची ही सोय नेमकी कुणासाठी, हा प्रश्न वेगळा. तिचा क्लच मात्र साध्या मोटारीचाच असतो. फ्लायव्हील इंजिनाबरोबर फिरतं, प्रेशर प्लेट मधल्या क्लच प्लेटला त्यावर दाबून धरते, आणि पॅडल सोडताना ती प्लेट क्षणभर घसरून मग पकड घेते. या घसरण्यात पकड एकसारखी राहिली नाही, तर प्लेट धरते, सोडते, पुन्हा धरते आणि गाडी थरथरते. एकदा पूर्ण पकड बसली की कंपाला कारणच उरत नाही. चार नाक्यांचा पुरावा नेमका हेच सांगतो. ताशी नव्वदला गाडी गप्प आणि निघताना मात्र आदळआपट, म्हणजे चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर निर्दोष सुटले. नाक्यानंतर ‘अलाइनमेंट करून घ्या मालक’ असा सल्ला फुकट मिळतो. तो फुकटच राहू द्यावा.

आता पहिला संशयित क्लचच्या बाहेरचा, म्हणजे इंजिनाचं माउंटिंग. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांना शिवतो, बॉनेटखाली तर त्याहून भट्टी. माउंटिंगचं पंचवीस वर्षांचं रबर त्यात कडक होतं, चिरतं, धातूपासून सुटतं. मग क्लच पकड घेताना इंजिन जागेवर न राहता उचलतं आणि परत आपटतं. केबलचा क्लच असेल, तर इंजिनाच्या हलण्यानं केबलही कमीजास्त ओढली जाते आणि पकड आपोआप चालू-बंद होत राहते. म्हणजे नवी कोरी प्लेटही थरथरेल. तपासणी साधी आहे. बॉनेट उघडायचं, पार्किंग ब्रेक घट्ट ओढायचा, चाकांना दगड लावायचे, कुणाला तरी पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच पकडीपर्यंत आणायला सांगायचं आणि आपण बाजूला उभं राहून पाहायचं. समोर उभं राहू नये. फायबरची असली तरी ती गाडीच आहे. इंजिन जरासं कलणं ठीक, पण ते उठाबशा काढत असेल तर आरोपी सापडला. मग गाडीखाली वाकून बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाचा, तळ पाहायचा. तिथं तेल साचलेलं दिसलं तर बोटावर घ्यायचं. काळं असेल तर इंजिनाच्या मागच्या सीलचा संशय धरायचा, गंधकासारखा उग्र वास आला तर गिअरबॉक्सच्या सीलचा. हेच तेल क्लच प्लेटच्या लाइनिंगवर गेलं की पकड ठिपक्याठिपक्यांनी बसते. अशी प्लेट पेट्रोलनं धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर फार टिकत नाही, कारण लाइनिंगनं तेल आत पिऊन घेतलेलं असतं.

यावर काही जण म्हणतात, गाडी मुंबईत होती तेव्हा रोज सकाळी थरथरायची आणि दुपारी आपोआप बरी व्हायची, त्याचं काय? तो दमट हवेचा प्रताप. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर येतो आणि चार-सहा वेळा क्लच सोडला की घासून जातो. अशी थरथर पाटसला संपायला हवी. सावळेश्वरपर्यंत ती सोबत आली असेल तर हवेला दोष देता येणार नाही. दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा असतो: गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर सगळंच बदलून टाका, तपासत कशाला बसता? यात निम्मं तथ्य आहे. मजुरी एकदाच द्यायची तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं सील एकत्र बदलावं. पण चिरलेलं माउंटिंग या यादीत नसतंच, त्यामुळं सगळं बदलूनही मालक परतीच्या वाटेवर सावळेश्वरला पुन्हा थरथरतो.

गिअरबॉक्स खरोखर उतरवावाच लागला, तर फ्लायव्हीलकडं नीट पाहावं. त्यावर निळसर डाग असतील तर ती अतितापाची खूण. त्या जागा कडक होतात आणि प्लेट तिथं वेगळी पकड घेते. फ्लायव्हीलला फेसिंग मारून घ्यावं, मात्र प्रेशर प्लेट बसायची पायरी असेल तर तीही तेवढीच उतरवावी, नाहीतर दाब बदलतो. डायल गेज लावून पृष्ठभागाची डुगडुग मोजावी. ती एक दशांश मिलीमीटरच्या पलीकडं जात असेल तर नवी प्लेट बसवणं व्यर्थ. खरी गंमत जोडणीत होते. गिअरबॉक्स चढवताना दोघं दमतात, त्याचा भार शाफ्टवर लोंबत ठेवून चहा घ्यायला जातात आणि तेवढ्यात नव्या प्लेटची चकती वाकते. गाडी आली तेव्हापेक्षा जास्त थरथरत बाहेर पडते आणि दोष कंपनीच्या मालावर जातो.

‘सोलापुरात स्पोर्ट्‌स कार कोण दुरुस्त करणार?’ हा आक्षेप पुण्याहून येतो, तेही सोलापूर न पाहिलेल्यांकडून. साखर कारखान्यांचा हा जिल्हा. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर चढावर निघतो, तेव्हा क्लचची जी परीक्षा होते ती स्टॉर्मला जन्मात होणार नाही. त्या ट्रॅक्टरचे क्लच उघडून बसवणाऱ्या हातांना थरथर शिकवायला नको. शिवाय प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी करणारे वालचंद हिराचंद जन्मले याच शहरात, १८८२ साली. फक्त स्टॉर्मचे सुटे भाग सहज मिळणार नाहीत, हे मान्य. त्यावर उपाय म्हणजे जुन्या प्लेटचा मधला भाग शाबूत असेल तर तिला नवं लाइनिंग बसवून घेणं. त्याला एखादा दिवस लागला तर भुईकोट किल्ला पाहावा आणि कडक भाकरीबरोबर शेंगा चटणी खावी.

काम झाल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी हळू हाताळावी, नवं लाइनिंग बसायला वेळ लागतो. सोलापूरच्या सात रस्ता चौकात हाफ क्लचवर उभं राहून मर्दुमकी दाखवू नये. आणि त्याआधी, कुणी गाडीकडं नुसतं बघून ‘क्लच गेलाय बघा मालक’ म्हणालं, तर त्याला नम्रपणे बॉनेट उघडायला सांगावं. माउंटिंग आणि बेल हाउसिंग पाहिल्याशिवाय गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू देऊ नये.